राखेत ठेवलेलं बाशिंग

माझ्या नोकरीची एकवीस वर्षं वस्तू जाळण्यात गेली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आयुर्वेदिक औषधं बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या प्रयोगशाळेत मी कच्चा माल तपासते. सुंठ आली, जाळा. हिरडा आला, जाळा. अश्वगंधा आली, तीही जाळा. चिनीमातीच्या लहानशा वाटीत भुकटी मोजून घालायची, वाटी भट्टीत ठेवायची आणि सगळं जळून जे उरेल त्याचं वजन करायचं. वनस्पती शुद्ध असेल तर राख ठरलेल्या मर्यादेत पडते. कुणी वजन वाढवायला माती मिसळली असेल तर माती काही जळत नाही. ती वाटीत तशीच बसून राहते आणि मिसळणाऱ्याचं बिंग फोडते. नवरा म्हणतो, "हिचा जाळून बघितल्याशिवाय कशावर विश्वास बसत नाही. मी तेवढा वाचलो." मी म्हणते, तुमचा नंबर अजून लागायचाय.

मी स्वभावाने कडक आहे आणि पुष्कळ वर्षं मला त्याचा अभिमान होता. माझं माहेर चांदवडजवळचं, घरात पिढ्यान् पिढ्या कांदा. शहरात नोकरीला लागल्यावर मी सुट्टीत घरी जायचे आणि डबे उघडून हे असं का ठेवलं, ते तसं का झाकलं नाही, असं विचारत सुटायचे. आई म्हणायची, "आमची पोर कांद्याच्या घरातली, पण आता नाकानं कांदे सोलायला लागली." तेव्हा मला राग यायचा. हे सगळं झाल्यावर मात्र तिचं बोलणं आठवून आठवून खरं वाटलं.

झालं ते बाशिंगावरून. बाशिंग हा एक नेचा आहे. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याच्या बाजूला मोठ्या झाडांच्या खोडांवर, आंब्यावर, सादड्यावर तो वाढतो. त्याला दोन तऱ्हेची पानं असतात. एक लांब हिरवी, ती उन्हाळ्यात गळून जातात. दुसरी आखूड, तपकिरी, कागदासारखी कडक, आणि ती खोडाला चिकटून उभी राहतात. झाडाच्या कपाळाला बाशिंग बांधल्यासारखंच दिसतं ते. या कोरड्या पानांमागे पालापाचोळा साठतो, कुजतो, आणि हा नेचा जमिनीपासून दहा-पंधरा हात उंचावर आपल्यापुरती माती तयार करून घेतो. त्याचं औषधी अंग म्हणजे खोडाला वेटोळे घालून बसलेली मुळी. बोटाएवढी जाड आणि खारीच्या शेपटीसारखी लवदार. मुका मार लागला, हाड दुखावलं, सांधे धरले की डोंगरातले लोक ती ठेचून बांधतात. आमच्या कारखान्यात ती सांधेदुखीच्या तेलात पडते.

पूर्वी बाशिंग आम्ही शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून घ्यायचो. त्या वर्षी साहेबांनी, म्हणजे आमच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांनी, ठरवलं की ते थेट पेठकडच्या एका पाड्यावरच्या बायकांच्या गटाकडून घ्यायचं. दिवाळीनंतर आमची गाडी गेली आणि दहा पोती घेऊन आली.

आमचं सगळं काम म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. दहा पोत्यांतून मूठ-मूठ काढायची, एकत्र करायची आणि त्यातली थोडी तपासायची. मी मुळीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. नेच्याच्या मुळीत दिसतात तसे ठिपके गोलात नीट मांडलेले होते. लवही बरोबर होती. ओलावा बेताचा. म्हणजे बाशिंग खरंच होतं, दुसरं काही खपवलेलं नव्हतं. रंग तेवढा जरा करडा वाटला. मग नेहमीप्रमाणे जाळलं, तर राख मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आली. पुन्हा जाळलं. तेवढीच.

याच्या पुढे आणखी एक चाचणी असते. उरलेल्या राखेवर पातळ ॲसिड ओतायचं. वनस्पतीची राख त्यात बऱ्यापैकी विरघळते. वाळू-माती विरघळत नाही. जे तळाशी राहील तेवढी माती. ही चाचणी करायची असं नियमाच्या कागदावर छापलेलं आहे. मी ती केली नाही. पहिल्याच चाचणीत माल नापास झालाय, पुढची कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. भट्टीसाठी आणखी सहा नमुने रांगेत होते, हेही खरं. पण सगळ्यात खरं हे की माझी खात्री पटली होती. पहिल्यांदाच थेट माल विकताहेत, वजन वाढवायला घातली असेल माती, असं मी मनात म्हटलं आणि तेच लिहिलं. त्या रकान्यात खरं तर एवढंच लिहायचं असतं, की राख मर्यादेपेक्षा जास्त. मी पुढे पदरचे दोन शब्द घातले : "माती मिसळलेली." उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, माझ्या तर हातात पेन होतं. सही केली आणि चहा प्यायला गेले.

पोती परत गेली. मी ते विसरूनही गेले.

दोन महिन्यांनी, जानेवारीत, फाटकावरच्या वॉचमनचा फोन आला. एक बाई आलीय, माती लिहिणारी मॅडम कोण ते विचारतेय, हलायला तयार नाही. मी वैतागून बाहेर गेले. माझ्याच वयाची, पन्नाशीची बाई. लुगडं नेसलेली, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. पेठहून पहाटेची एसटी धरून आली होती.

"तुमीच का त्या माती लिवणाऱ्या?"

"मी तपासणी करते. काय काम आहे?"

"मंग मला माती दाखवा," ती म्हणाली. "कुठं दिसली ती दाखवा."

मी तिला सांगितलं, माल परत गेलाय, विषय संपलाय. ती म्हणाली, "तुमचा संपला." मग तिथेच फाटकाच्या सावलीत उभं राहून तिने जे सांगितलं ते असं. पाड्यावर गटाचा एक काटा आहे, दोन पारड्यांचा, लोखंडी. डोंगरातून जे येईल ते सगळं त्याच्यावर मोजायचं. तो काटा कुणाच्याही घरी ठेवत नाहीत. जिच्या शब्दावर सगळ्या बाया चालतील तिच्याच घरी तो राहतो. अकरा वर्षं तो हिच्या घरी होता. आम्हाला पाठवलेलं बाशिंग तिनेच मोजलं होतं, तिच्याच घरी साठवलं होतं, पोत्यांची तोंडं तिनेच शिवली होती. पोती परत घेऊन गेलेल्या ड्रायव्हरने माझा कागद पाड्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. माती मिसळलेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाया आल्या आणि काही न बोलता काटा उचलून दुसऱ्या घरी घेऊन गेल्या.

"भांडल्या असत्या तर बरं व्हतं," ती म्हणाली. "कोणी कायच बोललं नाय. मला दुसरं काय नको. काटा माझ्या घरी परत याया पायजे."

मी म्हटलं, "आमचे काटे फार बारीक असतात, ताई. त्यांचं प्रमाणपत्र असतं. मोजण्यात चूक होत नाही."

"आमी रोज मोजाया बसायच्या आधी काटा उचलून सगळ्यांना रिकामा दाखवतो. दोनी पारडी सारखी दिसली का मंग मोजायचं. तुमी कोणाला दाखवता?"

"साहेब बघतात प्रमाणपत्र."

"आन् ज्याचा माल हाय तो?"

मला राग आला. मी काही तरी तोडून बोलणार होते, तेवढ्यात तिने पिशवीतून बाशिंगाची एक मुळी काढून माझ्या हातात ठेवली. परत गेलेल्या पोत्यातली. तिच्यावर करडा थर होता. "हे बघा, ही काय माती नाही तर—" असं म्हणत मी बोटाने तो थर चोळला आणि थांबले. माती बोटांना खरखरीत लागते. हे मऊ होतं, थोडं निसरडं. आणि बोटं लगेच कोरडी पडली.

डोक्याला कळायच्या आधी ते हाताला कळलं. माहेरी चुलीच्या मागे मातीची मडकी असायची. पुढच्या पेरणीचे मूग आणि वाल आई त्यात चुलीतली राख घालून ठेवायची आणि वरून शेणाने तोंड लिंपायची. मडकं फोडल्यावर त्यात हात घालायचं काम माझं. आतलं गार, मऊ, निसरडं, आणि नंतर दिवसभर बोटं कोरडी पडायची.

"राख आहे ही," मी म्हणाले.

"मंग? पावसाचे चार महिने ठेवायचं, राखेत नाय घातलं तर किडे ठेवत्यात का? आमी वैशाखात काढतो. झाडावर हातभर मुळी ठेवायची, बाकीची काढायची. वाळवायची, राखेत घोळायची. देताना झटकून दिली आमी. पण त्याला लव असती, चिकटून राहती राख." मग ती माझ्याकडे जरा नवलाने बघायला लागली. "तुमी धुतली नाय का?"

"काय?"

"मुळी. जाळायच्या आधी. घरी डाळ आणली का धुऊनच शिजवता ना?"

आमच्या नियमात नमुना धुवायचा नसतो. आला तसा घ्यायचा. तिला हे सांगायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, पण मी गिळलं. कारण तिच्या लेखी कुणीही शहाणी बाई साठवणीची वस्तू धुऊनच वापरते, आणि माझ्या लेखी कुणीही शहाणी बाई विकायच्या मालाला राख फासत नाही. दोघी आपापल्या घरची रीत जगभराची समजत होतो. फरक एवढाच की तिच्या समजुतीने माझं काही बिघडलं नव्हतं.

मी तिला आत नेलं. बाहेरच्या माणसाला प्रयोगशाळेत नेत नाहीत. वॉचमनने तिची वहीत सही घेतली, आणि तिने चौथीपर्यंत शिकल्याची खूण म्हणून ती चांगली वळणदार केली. प्रत्येक मालाचा थोडा नमुना आम्ही बंद बाटलीत राखून ठेवतो. तिच्या पोत्यांतली बाटली कपाटात होती. ती काढली, भुकटी वाटीत घातली, भट्टीत ठेवली. जळायला आणि गार व्हायला काही तास लागतात. ती स्टुलावर बसून राहिली. दुपारी तिने पिशवीतली नागलीची भाकरी सोडली, अर्धी मला दिली. मी डब्यातली भाजी दिली. दोघींनी खाल्लं.

मग मी वाटीतल्या राखेवर ॲसिड ओतलं. फसफस फेस आला आणि राख बघता बघता विरघळायला लागली. गाळून बघितलं, तर गाळणीच्या कागदावर उरलं ते नाममात्र, कुठल्याही स्वच्छ मुळीत असतं तेवढंच. माती असती तर ढीग बसला असता. दोन महिन्यांपूर्वी मी आणखी अर्धा तास दिला असता तर हे मला तेव्हाच दिसलं असतं.

तिने वाकून तो कागद बघितला. "माती कुठंय?"

"नाहीये."

ती तशीच माझ्या तोंडाकडे बघत थांबली. एकवीस वर्षांत पुढचं वाक्य त्या खोलीत मी कधी बोलले नव्हते. "माझी चूक झाली," मी म्हटलं. "तुमच्या मालात माती नव्हती."

"हे पाड्यावर येऊन सांगा," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन एसटीला निघून गेली.

संध्याकाळी मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुधारित अहवाल काढू. 'पुनर्तपासणी' असं लिहा. शेरा काढून टाका. चूकबीक कशाला लिहिताय, तुमच्याच फाईलवर राहील."

"साहेब, सुधारित म्हटलं की वाटतं माल सुधारला. माल होता तसाच आहे. मी चुकले."

"हात दाखवून अवलक्षण कशाला, मॅडम?"

"हात आधीच दाखवून झालाय. सगळ्या पाड्यासमोर वाचलाय तो कागद."

आवाज माझा चढला होता. साहेबांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. मी लिहिलं, की आधीचा शेरा पूर्ण चाचणी न करता लिहिला होता आणि तो चुकीचा आहे. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर या वेळी त्याने चेष्टा केली नाही. नुसतं म्हणाला, "जाऊन ये."

शनिवारी मी पेठला गेले आणि तिथून जीपने पाड्यावर. ज्या घरी काटा नेला होता त्या घरासमोर बाया जमल्या होत्या, कारखान्यावर आलेली तीही त्यांच्यात होती. काटा आतल्या आढ्याला टांगलेला बाहेरून दिसत होता. मी कागद वाचला. वाचून झाल्यावर आपसात त्या त्यांच्या कोकणा बोलीत बोलल्या, मला निम्मं कळलं आणि त्या निम्म्यानेच माझे कान गरम झाले. मग काटा जिच्या घरी होता ती बाई मला मराठीत म्हणाली, "पयला कागुद बी तुमचाच, हा बी तुमचाच. आमी खरा कोणचा धरायचा?"

ती बरोबर होती. कागदावर कागद ठेवून काय सिद्ध होणार? पण मी तयारीने गेले होते. पातळ ॲसिडची बाटली आणि काचेच्या दोन वाट्या मी डब्यात नीट बांधून नेल्या होत्या. एका वाटीत अंगणातली चिमूटभर माती घेतली. दुसरीसाठी बरोबर आणलेली राख काढली, तर एक म्हातारी म्हणाली, "तुमची नको. आमच्या चुलीतली घ्या." मग शेजारच्या चुलीतली राख आली. मी पोरांना लांब बसवलं आणि दोन्ही वाट्यांत ॲसिड ओतलं. राख फसफसली, विरघळली, दोन-चार काळे कण राहिले. माती होती तशी तळाशी बसून राहिली. बायांनी एकीमागून एक वाकून बघितलं. मी सांगितलं, यांच्या मुळीतलं सगळं असं विरघळलं. माती नव्हती. मी बघायच्या आधीच लिहिलं.

मला वाटलं होतं, आता कुणी तरी उठेल आणि काटा काढून तिच्या हातात देईल. तसं काही झालं नाही. काटा ठेवणारी म्हणाली, "बघू. पुढचा माल तर जाऊंद्या." बाया उठून कामाला लागल्या. मी जिच्यासाठी आले होते तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत माझ्या वाट्या पदराने पुसत होती. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी जे करते ते केलं, म्हणजे शहाणपण शिकवलं.

"पुढच्या वेळी राख लावूच नका," मी तिला म्हटलं. "म्हणजे प्रश्नच नको. नीट वाळवून कोरडं भरून ठेवा."

"किडे खातील."

"वाळवण पक्की असली की नाही लागत किडे." हे मी पुस्तकातलं बोलत होते. पेठचा पाऊस मी बंद काचेतूनसुद्धा कधी बघितला नव्हता.

वाट्या माझ्या हातात देत ती म्हणाली, "बरं." त्या 'बरं'कडे मी नीट लक्ष द्यायला हवं होतं. माझ्या आईचं 'बरं' अगदी तसंच असायचं.

नंतरचा माल दसरा झाल्यावर आला. पुन्हा दहा पोती. पहिलं उघडलं आणि माझं डोकं फिरलं. मुळ्या राखेने करड्या झालेल्या. दुसरं उघडलं, तेच. एवढं बजावूनही नऊ पोती राखेतली. दहाव्या पोत्याच्या तोंडाला लाल चिंधी बांधली होती. ते उघडलं तर आत स्वच्छ, तपकिरी, लव झळझळणारं बाशिंग. निदान एक तरी ऐकणारी निघाली, असं म्हणत मी मूठ भरून बाहेर काढली आणि माझ्या हातातून पीठ गळायला लागलं. मुळ्या आतून पोखरलेल्या होत्या. भोकाभोकांतून बारीक काळे किडे निघून माझ्या बाहीवर चढले. वरून देखणी मुळी बोटांत दाबली की भुसा व्हायची.

मी नऊ पोत्यांतले नमुने धुतले, पुन्हा वाळवले आणि तपासले. धुतल्याची नोंद अहवालात केली, साहेबांनी त्यावर सही केली. सगळे पास झाले. राख मर्यादेत, अर्क चांगला, एकही भोक नाही. दहावं पोतं मात्र नापास होतं आणि त्याला दुसरा इलाज नव्हता. पण या वेळी पेन उघडायच्या आधी मी तिला फोन लावला.

"ते लाल चिंधीचं पोतं कुणाचं?"

"माझं," ती म्हणाली. "माझ्या एकटीचं."

"पूर्ण किडलंय, ताई."

"व्हय. भादव्यातच लागली कीड. मला म्हाईत व्हतं."

"माहीत होतं तर तशी भरलीत कशाला?"

"तुमी म्हणला व्हता ना, राख लावू नका. बायांना मी सांगितलं, तुमी तुमचं राखेतच ठेवा, मी एकटी माझं बिनराखेचं ठेवते." मग म्हणाली, "नुसतं तोंडानं सांगितलं तं तुमाला पटलं असतं का? तुमाला बघितल्याबिगर पटत नाय."

एकच वस्तू, एकच मोसम, एकच छप्पर. नऊ पोती एका तऱ्हेने ठेवायची, एक दुसऱ्या तऱ्हेने, आणि मग उघडून बघायचं. प्रयोग यालाच म्हणतात. मी तो करायचा पगार घेते. तिने तो डोंगर चढून, झाडावर चढून आणलेल्या आपल्या अख्ख्या उन्हाळ्याच्या कमाईवर केला होता, आणि तोही माझ्या एका वाक्यासाठी.

"आणि काटा?" मी शेवटी विचारलं.

"या बघाया," ती म्हणाली.

अहवालात मी दहाव्या पोत्यापुढे 'कीड' लिहिलं आणि पुढे लिहिलं की राख न लावण्याची सूचना प्रयोगशाळेने दिली होती, दोष साठवणाऱ्याचा नाही. साहेबांनी या वेळी सरळ सही केली. त्यानंतर आजपर्यंत कुठलाही माल नापास व्हायला लागला की मी आधी पाठवणाऱ्याला फोन करते आणि विचारते, कसा ठेवला होता? त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. मी समासात लिहिते.

दिवाळीआधीच्या रविवारी तो कागद घेऊन पाड्यावर गेले. मला वाटत होतं, तो वाचला की तिचं काम होईल. काटा आधी जिच्या घरी होता ती बाई मला वाटेतच भेटली. मी कागद पुढे केला, तिने हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाली, "राहू द्या. तो काटा पोळ्यानंतरच गेला तिच्या घरी."

"पोळ्यानंतर? माल तर त्यानंतर आला आमच्याकडे."

"आमी रोज बघत व्हतो ना तिचं पोतं किडताना. म्हटलं, अजून राख लाव, निम्मं तरी वाचंल. नाय लावली. म्हणती, त्या बाईनं सांगितलंय, तं तिला पुरं दिसलं पायजे." ती हसली. "माती मिसळणारी बाई असं करंल का?"

म्हणजे माझा पहिला कागद, दुसरा कागद, ते ॲसिड, त्या वाट्या, यातल्या कशानेच काटा परत आला नव्हता. माझ्या चुकीच्या सल्ल्यावर तिने आपलं पोतं किडू दिलं, त्याने आला. मी हातातला तिसरा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

तिच्या ओसरीवर बाया बसल्या होत्या. नवी वरई मोजायची होती. मला बघून तिने नुसती मान हलवली, हातातलं काम सोडलं नाही. मी बायांच्या मागे, भिंतीला टेकून बसले. तिने पारडी पदराने पुसली, काटा वरच्या कडीला धरून उचलला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या बायांपुढून सावकाश फिरवला. प्रत्येकीने बघून मान डोलावली. मग ती मोजायला बसणार तेवढ्यात थांबली, दोन पावलं मागे आली आणि काटा माझ्यापुढे धरला.

"बघा," ती म्हणाली.

मी चष्मा लावला. पारडी थोडा वेळ हलत राहिली, मग स्थिर झाली. दोन्ही सारखी होती. माझे डोळे भरले होते, त्यामुळे मला पुन्हा एकदा बघावं लागलं.

"बघितलं," मी म्हटलं. "मोजा आता."